खायाचं का न्यायाचं

आम्ही मस्कतला राहायला गेल्यापासून, सुट्टीला आलं की आईच्या घराजवळच्या, गारखेड्यातल्या गिरणीत माझी फेरी ठरलेली. गिरणीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही, त्यानंही माझं नाही. भुवयांवर पिठाचा थर, कानात कापूस, आणि गिरणीच्या आवाजात ओरडून विचारलेला एकच प्रश्न: "खायाचं का न्यायाचं?"

इथंच खायचं असलं की गरम पीठ थेट डब्यात. परदेशी न्यायचं असलं की तो धुतलेली चादर अंथरायचा, पीठ त्यावर पसरायचा आणि पंख्याखाली हातानं हलवत बसायचा. गरम पीठ पिशवीत बांधलं की त्याला घाम सुटतो, आठ दिवसांत कडू होतं. "तिकडं जाऊन मला शिव्या नका देऊ," म्हणायचा. हसायचा मात्र नाही.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी आईही सोबत आली. गुडघे दुखत होते, तरी आली. ज्वारी तिनंच निवडून घरच्या डब्यात आणली होती. गिरणीवाल्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा मी मोबाईलवर विमानाची वेळ बघत होतो.

"घरी खायला," मी म्हणालो.

चादरीकडं गेलेला त्याचा हात थांबला. "कोणत्या घरी?"

टोमणा नव्हता तो. चादर अंथरायची का नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

आई माझ्याकडं बघत होती.

मी चादरीकडं बोट केलं. आईनं रिकाम्या डब्याला झाकण लावलं.