दोघींची तलफ

मोठ्या आईच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम काळं असायचं. लग्नात हळद लावायला पुढे झाली तरी काळं, दिवाळीत करंज्या मुरडायला बसली तरी काळं. पस्तीस वर्षं ती मशेरी घासत होती. तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की मखमलाबादच्या आमच्या मळ्यात माणसं सोडा, गोठ्यातल्या गाईसुद्धा शिंकायच्या. थोरले काका ओरडायला लागले की म्हणायची, "तलफ आली ना, का मला देव दिसत नाय. वरडा तुम्ही." ती त्यांची बायको, दिंडोरीकडची. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिची सगळी माया आणि सगळा जाच माझ्या एकटीच्या वाट्याला.

मी तेव्हा आठवीत, वजन चौऱ्याऐंशी किलो. शाळेत मला काय म्हणायचे ते लिहीत नाही, तुम्हाला अंदाज आहेच. भूक लागते म्हणून मी खात नव्हते, हे मात्र कुणाला पटायचं नाही. पोट टम्म असायचं आणि तरी हात थांबायचा नाही. चिप्स, क्रीमची बिस्किटं, काहीच नसेल तर साखर आणि दूध पावडर, दाराआड उभ्या उभ्या. खाऊन झालं की स्वतःची किळस यायची, आणि ती किळस घालवायला पुन्हा काहीतरी तोंडात टाकायचं. कचऱ्याची बादली आई तपासायची, म्हणून रिकामी पाकिटं मी झेंडूच्या क्रेटमध्ये तळाशी दडपायचे. सवडीनं काढून टाकू म्हणत राहायचे आणि विसरायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, झेंडूला वर्षातला सगळ्यात चांगला भाव असतो त्या दिवशी, पप्पांनी फूलबाजारात व्यापाऱ्यापुढे क्रेट पालथा केला. केशरी ढिगाऱ्यावर माझी सतरा पाकिटं पडली. व्यापारी हसून म्हणाला, "काय अण्णा, फुलांबरोबर खाऊ फ्री का?" पप्पा घरी आले, मला मारलं नाही, नुसते बघत राहिले. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग दवाखाना झाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, शुगर काठावर आहे, तीन महिन्यांनी बघू, नाहीतर या वयात गोळ्या सुरू कराव्या लागतील. आणि म्हणाल्या, हिला व्यसन लागलंय असं समजून वागा. "व्यसन दारूचं असतं मॅडम, बिस्किटाचं कसलं व्यसन!" असं म्हणून पप्पांनी घरी येऊन कपाटाला कुलूप घातलं. आईनं मला सोमवार आणि गुरुवार धरायला लावले, म्हणजे पुण्यही मिळेल आणि वजनही उतरेल. झालं! एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, शेंगदाण्याचे लाडू. उपासाचं म्हटल्यावर कुणी हात धरत नव्हतं. उलट पोर उपाशी आहे म्हणून आईच आणखी वाढायची. मी सोमवारची वाट बघायला लागले. महिन्यात तीन किलो वाढले आणि आई बिचारी महादेवावर रुसली.

मोठ्या आईनं मला पकडलं ते विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. मी कच्च्या नूडल्सचं पाकीट फोडून मसाला चाटत होते. आता ही बोंब मारणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. ती शेजारी टेकली, कमरेची डबी काढली आणि बोट दातांवर फिरवत म्हणाली, "होऊ दे तुझं. माझं पण होऊ दे." चूळ भरून आल्यावर विचारलं, "ग्वाड लागतं का गं ते?" मी मान हलवली, नाही. "मला पण मशेरी ग्वाड लागत नाय. पण सुटत नाय. तुझं-माझं दुखणं एकच हाय, पोरी." आजवर सगळ्यांनी मला खादाड म्हटलं होतं. घरात आजारी पहिल्यांदा हीच म्हणाली. मी हमसाहमशी रडले.

तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. घरात गेली, कुलूप काढून पप्पांच्या हातात दिलं. "कुलपानं तलफ जात नाय भावजी, पोर चोरटी होती." उपास बंद करवले. मशेरीची डबी माझ्यादेखत चुलीत घातली. "तू पाकीट सोड, मी मशेरी सोडते. रोज दिवेलागणीला एकमेकींना सांगायचं. खाल्लं तरी चालंल, पण लपवायचं नाय."

पहिले पंधरा दिवस घरादाराची परीक्षाच होती. तिचं डोकं फुटायला यायचं, पोट साफ व्हायचं नाही, काकांपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांवर खेकसायची. कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता घळाघळा रडायची. पण संध्याकाळी ओट्यावर बसून आधी स्वतःचं सांगायची. "आज नाय राहवलं. शेजारी जाऊन चिमूटभर लावली. आता तू." आणि मी सांगायचे, "मी काहीच नाही खाल्लं."

खोटं! पहिले चार दिवस खरं होतं. पाचव्या दिवशी क्लासबाहेर चीज सँडविच खाल्लं, आणि मग रोजच. पण माझं उत्तर ऐकून तिचा चेहरा असा खुलायचा की खरं बोलायला जीभ रेटायची नाही. ती सगळ्या मळ्यात सांगत फिरायची, "तेरा वर्षांची पोर राहती, आन मी घोडी झाले तरी मला राहवत नाय? लाज वाटाया पायजे मला." आणि खरंच, दुसऱ्या महिन्यापासून तिनं मशेरीला हात लावला नाही. मी खोटं बोलत होते आणि त्या खोट्याच्या आधारानं ती सुटत होती. तपासणीचा दिवस जवळ यायला लागला तशी माझी झोप उडाली. आणि झोप उडाली की मी काय करणार? खाणार.

तपासणीला हट्टानं तीच आली, ठेवणीतली साडी नेसून. रिक्षावाल्यालासुद्धा माझं कौतुक सांगितलं. मी काट्यावर उभी राहिले. ब्याण्णव. रक्ताच्या रिपोर्टमध्ये शुगर आता काठावर नव्हती, पार पलीकडे गेली होती. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहायला घेतल्या. मोठी आई म्हणाली, "बाई, काटा बिघडलाय का ओ तुमचा?" त्यांनी नाही म्हटलं. मग ती माझ्याकडे वळली आणि माझा चेहरा बघून तिला सगळं कळलं. बाहेरच्या बाकावर बसल्यावर आता कानाखाली बसणार म्हणून मी अंग चोरलं. तिनं हात उचलला नाही. अगदी हळू म्हणाली, "मग हे दोन महिने मी कोनाच्या जिवावर काढले गं?"

घरी आल्याबरोबर ती साडी बदलून गोठ्यात गेली. मी खिडकीत उभी राहून शेजारच्या दाराकडे बघत होते. ती आज तिकडे गेली असती, तर माझ्यामुळे गेली असती. दोनदा अंगण ओलांडून गेली. दोनदा परत आली. दिवे लागले तशी ओट्यावर येऊन बसली आणि मला हाक मारली. "आज लय वाटलं. दारापर्यंत गेले. नाय लावली. आता तू."

मी सगळं सांगितलं. पाचव्या दिवसाच्या सँडविचपासून आदल्या दिवशीच्या बिस्किटांपर्यंत, कुठे खाल्लं, कुठे लपवलं, सगळं. ती रागावली नाही, शाबासही म्हणाली नाही. "उद्या परत सांग," म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली.

पुढची दहा वर्षं मी सांगत राहिले. कॉलेजसाठी पुण्याला गेले, तिथंच नोकरी लागली, तरी संध्याकाळी फोन ठरलेला. वजन कधी उतरलं, कधी चढलं. शेवटी पंचवीस किलो उतरलं आणि गोळ्याही सुटल्या. तिनं पुन्हा कधी मशेरी लावली नाही. नाही लावली म्हणाली म्हणजे नाहीच लावली, तिच्या सांगण्यावर मी कधी शंका घेतली नाही.

दोन वर्षांपूर्वी ती झटक्यात गेली. रात्रीचं जेवण करून झोपली, ती सकाळी उठलीच नाही. तेव्हापासून मला कुणी विचारत नाही, आणि मी पुन्हा दाराआड उभी राहून खाते. नऊ किलो चढलंय. आईला सांगितलंय की थायरॉइड असेल. ते खोटं आहे. मोठी आई, काल दोन पाकिटं झाली. आज एक, हे लिहायला बसायच्या आधी.