चढाची सबब

११ नोव्हेंबर, मंगळवार. सायकल-ठेल्याचं पुढचं चाक काढून तिथे मोटरचं चाक बसवायचं होतं. मोटरचा एक्सल जाड आणि चाक धरणाऱ्या चिमट्याचे खाचे अरुंद, म्हणून स्वयंपाक आटोपून, नवऱ्याला अंघोळ घालून मी कानस घेऊन अंगणात बसले.

ठेला नवऱ्याने स्वतः बनवलेला. पुढे त्याची जुनी सायकल, तिच्या मागच्या चाकाच्या जागी दोन चाकांवर लोखंडी अँगलची चौकट आणि तिच्यावर फळ्या. तेव्हा त्याचे दोन्ही हात चालत होते. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं. पाय काठीच्या आधाराने संडासापर्यंत नेतो. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. तेव्हापासून तो सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, खाटेवर बसून सांगतो आणि मी करते. पंख्याचा कंडेन्सर, नळाचा वायसर, सगळं असंच. त्याला ही वाटणी बरोबर वाटते.

मोटरचं किट मुलीने पुण्याहून पाठवलं. फोनवर म्हणाली, "आई, चढावर तुझे गुडघे जातात. आणि बाबांनाही जरा बाहेर नेता येईल." पहिल्या वाक्याला मी हो म्हटलं. दुसरं ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

हा चढ म्हणजे काय ते सांगायला हवं. जुनं गाव नदीकाठी होतं, ते धरणात गेलं. नवं माळावर वसवलं. पवनीच्या रस्त्यापासून गावापर्यंत किलोमीटरभर चढ आहे आणि शेवटचा तुकडा चांगलाच उभा. आठवड्यातून दोनदा मी ठेल्यावर वांगी, वालाच्या शेंगा आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या क्रेटमध्ये भरून तालुक्याला, पवनीला, जाते. दोन खानावळी आणि एक दुकान, गिऱ्हाईक ठरलेलं. जाऊन, माल देऊन यायला तीन तास पुरतात. मी चार तासांनी परतते.

उरलेला तास बोडीच्या पाळीवर जातो. बोडी म्हणजे लहानसा तलाव आणि पाळ म्हणजे त्याचा बांध, रस्त्याला लागूनच. ठेला उभा करायचा आणि बसायचं. शिंगाड्याचे वेल, दोन-चार बगळे, बघण्यासारखं काही नाही. पण तिथे "कोठं चालली?" असं कोणी विचारत नाही. घरी मी मोरीकडे वळले तरी हा प्रश्न येतो. पंधरा मिनिटं दिसले नाही तर हाक, वीस मिनिटांनी फोन. खाटेवरून अंगणाचा एक तुकडा दिसतो आणि त्यात हलणारी मी एकटी, त्यामुळे तो मलाच बघत बसतो. मला ते कळतं. कळून श्वास मोकळा होत नाही.

लकव्यानंतर एकदा मी त्याला ठेल्यात बसवून पवनीच्या दवाखान्यात नेलं होतं. परतताना चढाच्या मध्यावर ठेला मागे सरकायला लागला. दोन शेजाऱ्यांनी ढकलून वर आणला. त्यानंतर तो "मी बी येतो" म्हणाला की मी म्हणायचे, "चढ चढत नाही." हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. ढकलायला माणसं मिळाली असती. मी कोणाला विचारलं नाही.

तर त्या दिवशी मी कानशीने घासत होते ती माझीच सबब.

"हळू घास वो," तो खाटेवरून म्हणाला. "खाचा ढिला झाला तं एक्सल फिरल अन् वायर तुटल."

"हळूच घासून राहिली."

"मले आवाज येऊन राहिला ना. राग काढून राहिली तू त्याच्यावर."

तेवढ्यात शेजारची जाऊ डोक्यावर वैरण घेऊन चालली होती. थांबली. "का वो बाई, मोटर लावून राहिली? आता का बाप्पा! जोडीनं फिरा, राजा-राणी!"

"राणी चालवल, राजा मांगं बसल," नवरा म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो मोठ्याने हसला.

"पाडजो नको वो राजाले," असं मला बजावून ती गेली. मी कानस दगडावर आपटून लोखंडाचा कीस झटकला.

नुसत्या नटावर त्याचा भरवसा नव्हता. जुन्या खिडकीची लोखंडी पट्टी शोधायला लावली. तिला भोक पाडलं, ते एक्सलच्या आकाराचं होईपर्यंत घासलं, पट्टी एक्सलवर चढवून दुसरं टोक चिमट्याला आवळलं. यात दुपार झाली. मग वायरी. मोटरच्या तीन वायरींचे रंग कंट्रोलरच्या डब्यातून येणाऱ्या वायरींशी जुळत नव्हते. अंदाजाने जोडल्या, चाक विटांवर उचललं आणि थ्रॉटल, म्हणजे मुठीजवळचा वेगाचा खटका, दाबला. चाक थरथरलं, गुरगुरलं, फिरलं नाही.

"मोटर खराब आली वाटते," मी म्हटलं. "परत धाडा लागल."

मोटर खराब नाही हे मला माहीत नव्हतं. पण तसं असावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. आवाजात ती आली असेल.

त्याने डोळे मिटले. "पुन्हा दाब." मी दाबलं. "मोटर चांगली हाय. वायरी चुकल्या. निळी अन् पिवळी बदल."

बदलल्या. चाक कण्हत उलटं फिरलं. "आता हिरवी पाह्य," तो म्हणाला. तिसऱ्या खेपेला चाक एका सुरात फिरायला लागलं. खाटेवरून न उठता, नुसत्या आवाजावर त्याने ते काढलं होतं. मला त्याचं कौतुक वाटलं आणि हातातली पक्कड भिंतीवर मारावीशीही वाटली.

संध्याकाळी ठेल्यात धानाची दोन पोती टाकून मी चढावर चाचणी घेतली. पायडल मारलं की मोटर पुढे ओढायची. गुडघ्यांना काही कळलंच नाही. वर आले तर नवरा काठी टेकत फाटकापर्यंत आलेला. एकटा.

"चढली?"

"चढली."

"वजन किती होतं?"

"दोन पोती."

"म्हणजे माह्यापेक्षा जास्त." हिशेब त्याने आधीच केलेला होता. "उद्या पवनीले मी बी येतो. क्रेट मांगं ठेवजो, मी समोर. पाठीले उशी दे."

मी बरं म्हटलं. मग पांढरा शर्ट काढून ठेवायला सांगून तो म्हणाला, "अन् येताना तू कोठं थांबते, ते दाखवजो. चार तास लागतेत ना तुले."

यात टोमणा नव्हता. त्याला खरंच ती जागा बघायची होती.

सकाळी सहाला मी स्क्रू सोडवायची एलन की घेतली. थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो, तो उजव्या मुठीजवळ बसवला होता. सोडवून डाव्या मुठीजवळ लावला. पुढचा ब्रेक तिथेच होता. वेग सगळ्यात खालच्या टप्प्यावर ठेवला. उजवा पाय टेकवायला एक फळी बांधली. मग त्याच्या शर्टाची बटणं लावून दिली. तो ठेल्याच्या मागच्या बाजूला वळला.

"तिकडं नाही," मी म्हटलं. "सीटवर बसा."

"काहून?"

"तुमी चालवा. डाव्या अंगठ्यानं."

"येडी झाली का वो? पडन मी."

"तीन चाकं हायेत. तुमीच बनवला, तुमाले माहीत नाही?"

"अन् तू?"

"मी मांगं बसन."

शाळेच्या पटांगणात तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत तो झेंड्याच्या ओट्यावर धडकला आणि माझ्यावर ओरडला. दुसऱ्या फेरीत ओरडला नाही. तिसऱ्या फेरीत मी थांबा म्हटलं तर थांबला नाही. मग घरून क्रेट चढवले आणि ब्रेक दाबत-दाबत आम्ही चढ उतरून रस्त्यावर आलो. मी क्रेट खाली काढायला लागले.

"हे काय?"

"मी ऑटोनं जाईन. तुमी घरी जा."

"एकटा?"

"मोटर हाय ना."

त्याने चढाकडे बघितलं. "कवा येशीन?"

"चार तासांनी."

त्याने ठेला वळवला. उभ्या तुकड्यावर तो एकदा थांबला. मी दोन पावलं पुढे गेले आणि उभी राहिले. ठेला पुन्हा हलला, वरच्या वळणाशी पांढरा शर्ट दिसेनासा झाला. मग मी ऑटोला हात केला आणि क्रेट आत ठेवले.