प्रत माहितीसाठी सादर

न्हावऱ्यात माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलण्यापासून सुरुवात केली आणि स्वतःच्या गल्ल्यावर बसलो. चाळिशी उलटल्यावर दौंडच्या एका कॉलेजात अर्थशास्त्राच्या पीएच.डी.साठी नाव घातलं. प्रबंध मराठीतही चालला असता. पण बाजारात एकानं चारचौघांत हिणवलं होतं, "मराठीतून काय, कुणीबी डॉक्टर हुतंय." त्या रागात मी फॉर्मवर 'इंग्रजी' लिहून मोकळा झालो.

माझ्या गाईड मॅडम दौंडच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या. त्यांच्या घरात इंग्रजी आणि हिंदी चाले. मराठी त्या अडखळत बोलायच्या, पण अदबीनं. इंग्रजीतही त्यांची तीच अदब. कांद्याच्या लिलावावरचं माझं तिसरं प्रकरण वाचून त्यांनी मेल पाठवला. त्यात एवढंच होतं की, लिलावाच्या आकडेवारीकडे सवड मिळाल्यास पुन्हा एकदा पाहता आलं तर बरं होईल. मी पाहिलं. मला ते ठीक वाटलं. बाजारात जो इतका हळू बोलतो त्याचं स्वतःचंच काहीतरी अडलेलं असतं, असा माझा वीस वर्षांचा अनुभव. मॅडमनी आणखी दोनदा तसंच हळू सुचवलं. मी ते तसंच सोडलं आणि चौथं प्रकरण लिहून पाठवून दिलं.

दोन महिने उत्तर नाही. माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती. त्याआधी प्रबंध जमा झाला नाही, किंवा मुदतवाढ मिळाली नाही, तर चार वर्षं पाण्यात. दुकानासमोरच्या बाकावर रोज पेपर वाचायला येणाऱ्या आबांना मी हे सांगितलं. आबांनी उभ्या आयुष्यात रस्ता, विजेचा डीपी, तलाठी या सगळ्यांवर अर्ज केलेले.

"लेखी दे," आबा म्हणाले. "आन् वर प्रत टाक. वर प्रत गेल्याबिगर कागद हालत न्हाई."

"मॅडम हायेत त्या, आबा. वायरमन न्हाईत."

"मंग काय झालं? खुर्ची ती खुर्ची."

मला ते पटलं. आमच्या तालुक्यात अर्ज असाच करतात. डीपी जळाला की साहेबाला लिहायचं, 'वारंवार विनंती करूनही आपण दुर्लक्ष केले आहे. आठ दिवसांत कार्यवाही न झाल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.' खाली प्रत तहसीलदारांना, प्रत आमदारांना. साहेबही ते मनावर घेत नाही. हसतो, चहा पाजतो, डीपी बसवतो. मी तोच मजकूर शब्दाला शब्द लावून इंग्रजीत घातला आणि मॅडमना पाठवला. माहितीसाठी प्रत प्राचार्यांना, विभागप्रमुखांना आणि विद्यापीठाच्या कार्यालयाला. 'वारंवार विनंती' हे तर धडधडीत खोटं होतं. चौथ्या प्रकरणाबद्दल मी एकदाही फोन केला नव्हता. पण अर्जात ते वाक्य असतंच.

दुसऱ्या दिवशी मॅडमचं उत्तर आलं. उशिराबद्दल क्षमस्व, सोमवारी प्रकरण परत करते. मी मोबाईल आबांसमोर धरला.

"बघा, लागल्या कामाला."

"मंग! सांगतो काय मी!" आबांनी मांडीवर थाप मारली.

शनिवारी कॉलेजच्या क्लार्कचा फोन आला. "दादा, हे काय करून बसलात? प्राचार्यांनी मॅडमकडून लेखी खुलासा मागितलाय. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तुमचा मेल वाचला."

"मंग मी अर्ज मागं घेतो की."

"मेल कसा मागं घेणार, दादा?"

सोमवारी मी दौंडला गेलो. मॅडम एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी मला बसा म्हटलं आणि माझी फाइल पुढे सरकवली. चौथं नव्हे, तिसरं प्रकरण. प्रत्येक पानावर पेन्सिलनं माझं इंग्रजी ओळीनं ओळ सुधारलेलं. लिलावाच्या आकड्यांपाशी कोरे कागद जोडून, कुठली माहिती कमी आहे आणि ती कुठून मिळेल, हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं. सत्तर पानं होती.

"मला वाटलं, मी लिहिते ते तुम्हाला नीट पोचत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून हातानं लिहून दाखवायचं ठरवलं. टाइम लागला. लेकिन तुम्ही मला एक फोन का नाही केला?"

"फोनवरचं कोण मानतंय, मॅडम? आमच्याकडं लेखीच लागतं."

"मी कधी मानलं नाही का?"

मी खिशातून मुदतवाढीचा फॉर्म काढला. हो, तशातही काढला, कारण त्यावर गाईडची सही लागत होती आणि दिवस थोडे उरले होते. उशिराचं कारण गाईडनंच लिहायचं होतं. खरं कारण साधं होतं, की विद्यार्थ्यानं तीनदा सांगूनही दुरुस्ती केली नाही. ते लिहिलं असतं तर मुदतवाढ देणाऱ्या समितीनं मला दारातूनच परत पाठवलं असतं.

मॅडमनी पेन उघडला. "कारण काय लिहू?"

मी गप्प बसलो. सौद्यात मला हे चांगलं जमतं. जो आधी बोलतो तो खाली येतो. मी टेबलाकडे बघत राहिलो आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान खाली घातली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मार्गदर्शकाकडून तपासणीस विलंब.' सही केली. मी फॉर्म उचलला, थँक्यू मॅडम म्हणालो आणि न्हावऱ्याच्या एसटीत बसलो. वाटेतल्या केडगावपर्यंत मला बरंसुद्धा वाटत होतं.

मुदतवाढ मिळाली. मॅडमनी शेवटपर्यंत प्रत्येक प्रकरण वेळेत तपासलं, पण पेन्सिल पुन्हा लावली नाही. सूचना टाइप करून यायच्या, क्रमांक घालून. मी डॉक्टर झालो. मॅडमना त्यानंतर कॉलेजनं नवा विद्यार्थी दिला नाही. कारण क्लार्कनं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

त्यांचा थोडा राग मला अजून येतो. 'हे चुकलंय, पुन्हा लिहा,' एवढं त्या सरळ बोलल्या असत्या तर मी रात्रंदिवस बसून लिहिलं असतं. पण हा राग मी मुद्दाम जपतो, हेही मला कळतं. तो सोडला तर माझ्याकडे फक्त ते टेबल उरतं आणि माझं गप्प बसणं.

माफीचा मेल मी त्यांना केला होता. नीट लिहिला, दुसऱ्याकडून तपासूनही घेतला. तो फक्त त्यांनाच पाठवला. प्राचार्यांना पाठवला असता तर मुदतवाढीचं कारण खोटं ठरलं असतं. आता प्राचार्य बदललेत, मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या सेवा फाइलमध्ये प्राचार्यांनी मागितलेला तो खुलासा अजून आहे, हे क्लार्ककडून कळलं. उशिराची चूक आपलीच होती, असं त्यात त्यांच्या सहीनं लिहिलंय, आणि ते खरं नाही हे आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.