मधोमध आलेलं फूल

एकेरी खेळणाऱ्याची कारकीर्द त्याची स्वतःची असते. दुहेरीवाल्याची निम्मी दुसऱ्याच्या हातात असते, आणि तो दुसरा उठून गेला की उरलेल्या निम्म्याचं काय करायचं हे कोणी शिकवत नाही. लोक मला अजून विचारतात, "मग तुम्ही एकेरी का नाही खेळलात?" विचारणाऱ्याने आयुष्यात कधी रॅकेट धरलेली नसते, हे वेगळं सांगायला नको.

माझी जोडीदार विदर्भातून इंजिनिअरिंग शिकायला पुण्यात आली होती. सदाशिव पेठेत तिघींत एक खोली, खाणावळीचा डबा, आणि पहाटे आमच्या बॅडमिंटन हॉलवर हजर. शटलला ती फूल म्हणायची. आम्ही पुणेकर पोरींनी त्यावरून तिला मनसोक्त छळलं, आणि वर्षभरात आम्हीच फूल म्हणायला लागलो.

ती डावखुरी, मी उजवी. अशा जोडीला मधोमध आलेलं फूल नडतं. कधी दोघींच्या रॅकेट एकदम जातात, कधी दोघीही सोडून देतात. म्हणून घेणारीने आधी "माझं!" असं ओरडायचं, हा दुहेरीचा पहिला धडा. आम्ही तो कधी गिरवलाच नाही. तिचा खांदा जरा वळला की मला कळायचं, हे तिचं. माझं पाऊल थबकलं की तिला कळायचं. सर वैतागायचे. "काय, मौनव्रत आहे का दोघींचं? की तोंडात मोदक आहेत?" आम्ही जिंकायला लागलो तसे सरही गप्प झाले.

राज्यात पहिल्या आलो आणि राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं. त्यातून भारताचा संघ निवडला जाणार होता. मला दुसरं काही नको होतं. कॉलेज मी नावापुरतं करत होते आणि आलेली स्थळं बाबांना परत पाठवायला लावत होते.

शिबिर तोंडावर आलं असताना एका सकाळी सरावात फूल नेहमीसारखं मधोमध आलं आणि ती ओरडली, "माझं!"

मी जागच्या जागी थांबले. तिने फूल मारलं, गुणही आमचा झाला, पण इतक्या वर्षांत तिने हाक दिली ती पहिल्यांदाच. हॉलबाहेर चहाच्या टपरीवर तिनेच सांगितलं. कॉलेजात आलेल्या सॉफ्टवेअर कंपनीने तिला घेतलं होतं. लगेच चेन्नईला प्रशिक्षण, पुढे जमलं तर अमेरिका.

"बाबांची मिल बंद पडली," ती म्हणाली. "मागं दोघं भाऊ शिकून राह्यले अजून. मी फुलंच मारत राहू काय वं?"

तिचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला इतका राग आला. भांडता येईल असं तिने काही ठेवलंच नव्हतं. त्या दिवसांत जो तो कॉम्प्युटरच्या क्लासला पळत होता. माझ्याच घरी सगळे म्हणाले, पोरीनं नाव काढलं. मी ताटावरून उठून गेले.

शिबिरात मला नवी जोडीदार दिली. गुणी मुलगी, उजव्या हाताची, प्रत्येक फुलाला स्पष्ट हाक देणारी. मी डावीकडे असले की मधलं फूल सरळसरळ माझ्या हातातलं. तरी मी ते सोडायचे. मुद्दाम नाही. एक खांदा वळण्याची वाट बघत मी उभी राहायचे आणि फूल आम्हा दोघींच्या मध्ये पडायचं. ती बिचारी दर वेळी "सॉरी" म्हणायची, काही चूक नसताना. शेवटच्या दिवशी निवड समितीतल्या बाईंनी मला बाजूला घेतलं.

"आपला हात उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण आपण अजून त्या गेलेल्या मुलीबरोबरच खेळताय. इथे जी आहे, तिचं काय?"

माझी निवड होणार नव्हती, हे त्यातच आलं. पुण्याच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. पुढे कितीतरी वर्षं मी कोणाकोणाबरोबर खेळले, खेळाडू म्हणून नोकरीही लागली, पण तो संघ पुन्हा कधी जवळ आला नाही.

घरी परतले त्याच आठवड्यात चेन्नईहून तिचा फोन आला. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. एकदम विचारलं, "निवड झाली नं वं?" आवाज इतका घाबरलेला होता की तो प्रश्न ती कित्येक दिवस पोटात घेऊन हिंडत असणार, हे मला कळलं. पेपरात नावं यायची तेव्हा येतील. तोवर तिला निदान झोप लागू दे, असं वाटलं.

"झाली," मी म्हटलं.

फोनवर हात ठेवायचंही तिला सुचलं नाही. होस्टेलातल्या मुलींना ती इंग्रजीत ओरडून सांगत होती, माय पार्टनर, माझी पार्टनर भारताकडून खेळणार आहे म्हणून, आणि त्या अनोळखी पोरी टाळ्या वाजवत होत्या. रिसीव्हर कानाला धरून मी त्या टाळ्या संपेपर्यंत ऐकल्या.