दारावरचा प्रॉक्सी आणि माझ्या मुलीचा दाखला

अर्जदार: खाली सही करणार, शिक्षण आठवीपर्यंत, व्यवसाय कचेरीच्या फाटकाबाहेर अर्ज लिहिणे, राहणार तरसाली, बडोदे. तक्रार ज्यांच्याविषयी: सुभानपुऱ्यातील एका कॉम्प्युटर कंपनीचे मॅनेजर. काळ: नव्या शतकाची पहिली वर्षे. साक्षीदार: माझी मुलगी व तिची आई. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

मुलगी त्या कंपनीत प्रोबेशनवर होती. त्या संध्याकाळी ती ताटावर बसेना, म्हणून मलाही एका जागी बसवेना. फेऱ्या घालत मी विचारत गेलो, ती सांगत गेली.

एका कारखान्यासाठी त्यांनी गेटपासाचा प्रोग्राम केला होता. माल बाहेर नेण्याचा पास अधिकाऱ्यानेच मंजूर करायचा, कारकुनाने नव्हे. ही अधिकाराची तपासणी तिच्याकडे होती आणि तिने त्यासाठी डायनॅमिक प्रॉक्सी वापरला होता. तरीही कारखान्यात कारकुनाच्या हातून पास मंजूर झाले होते.

"खऱ्या ऑब्जेक्टच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाच्या, पुढे हुबेहूब त्याच्यासारखा दुसरा उभा राहतो, बाबा. प्रोग्राम चालू असतानाच तयार होतो. प्रत्येक हुकूम आधी त्याच्याकडे येतो. देणाऱ्याला अधिकार असेल तरच तो आत पाठवतो."

"म्हणजे शिपाई."

"साहेबांचा कोट घालून बसलेला शिपाई. येणाऱ्याला वाटतं, साहेबच."

"मग कारकुनाच्या हातून पास मंजूर झाले कसे?"

तिच्या सिनियरने मागाहून खऱ्या ऑब्जेक्टमध्ये 'दिवसाची यादी बंद करणे' हे नवे काम घातले होते. त्याची परवानगी कारकुनालाही होती, आणि तेच काम आतल्या आत उरलेले सगळे पास मंजूर करून टाकत होते.

"आतला स्वतःलाच हुकूम देतो. दारावरून काही जातच नाही. माझा प्रॉक्सी अडवणार कोणाला?"

मॅनेजर म्हणाले होते, पहारा तुझा, तेव्हा चूक तुझी. नोकरी पक्की करणे त्यांनी थांबवले.

मी तत्काळ कागद ओढला.

"बाबा, तिथे अर्ज नाही चालत. मी मेल केलाय."

"मेलची पोच कोण देतो?"

"अहो, तुमच्या अर्जांची तरी कोण देतं?" तिची आई आतून म्हणाली. "आधी तिला जेवू द्या."

मेलचे उत्तर आले नाही. मी तरीही पाठवलेल्या अर्जाचेही नाही. मुलीने राजीनामा दिला, तेव्हा मिळालेल्या दाखल्यात 'अधिकार-तपासणीत हलगर्जी' असे शब्द होते. आज ती दुसरीकडे पक्क्या नोकरीत आहे. दाखला मात्र तिच्या फायलीत तसाच आहे. टपालवाला दिसला की मी अजूनही पक्षकाराला अर्ध्या वाक्यात सोडून उठतो.

तरी माननीय मॅनेजरसाहेबांनी ते आतले काम कोणी घातले याची चौकशी करावी, सदर शब्द वगळून नवा दाखला द्यावा. देणे शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे. मी कचेरीच्या वेळात फाटकाबाहेर माझ्या जागेवर असतो.