पाटलाच्या मापाचं वल्हं

आभाळ उघडलं होतं, पण अंगणातला चिखल पाय सोडत नव्हता. केनवडचा शालिग्राम सुतार सकाळपासून पोरांच्या पोळ्यासाठी लाकडी बैलांना चाकं बसवत होता. तेवढ्यात दौलतराव पाटील आले. त्यांच्या नागपूरच्या मेहुण्यानं कुण्या साहेबाची एकट्यानं बसायची होडी गाडीत घालून धाडली होती. वल्हं मात्र वाळवीनं खाल्लेलं.

"उद्या पोळा फुटला का गावासमोर तलाव पार करतो म्हून बोलून बसलो, शालिग्राम. वल्हं करून दे. माही फजिती झाली तं गावची सुतारकी मालेगावच्या सुताराले देईन."

शालिग्रामनं हातातला लाकडी बैल खाली ठेवला. पातं रुंद किती ठेवायचं? जन्मात त्यानं वल्हं पाहिलं नव्हतं. वखराला जमीन खरवडायची लोखंडी पास मात्र कितीकदा बसवली होती, अन् तिची रुंदी बैलाचा दम पाहूनच ठरायची.

"पाटील, राग नोका मानू. जरा वखर वढून दाखवा."

"मले जुंपतू काय बे?"

"जुंपल्याबिगर माप कसं कळंल?"

कुंपणापाशी माणसं जमली होती. आता माघार कशी घ्यायची? पाटलांनी जू खांद्यावर घेतलं अन् वखर असा ओढला, की तुळस थोडक्यात वाचली. शालिग्रामनं खुशीत दोन विती रुंद पातं काढलं.

सांजेला पाटलांचा गडी वल्हं घेऊन गेल्यावर शालिग्रामची बायको धुरपताबाई म्हणाली, "सकाळी तं म्हतारा बैलही उधळते. दम दुपारी पाहा लागते, अवो."

शालिग्राम पातं तासायला वाकस घेऊन पाटलांच्या गोठ्याकडे पळाला. तिथं पाटलांची आई मनकर्णाबाई बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकत होती. शेजारी सुजल्या खांद्यानं पाटील बसलेले.

"पातं कमी करू द्या, पाटील."

"माह्या ताकदीचं माप कमी करतू?"

म्हातारीनं पळसाच्या पानानं लेकाचाही खांदा शेकला. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांना म्हणायचं तेच सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी तोरण तुटून पोळा फुटला अन् गाव तलावावर लोटलं. पाटलांनी दाराच्या फळीएवढं ते पातं पाण्यात घातलं. होडी पुढं जायची सोडून गर्रकन फिरली अन् तिचं तोंड गावाकडे झालं. आपली सुतारकी मालेगावला निघाली, हे शालिग्रामला डोळ्यांनी दिसत होतं.

"उतर रे बापू!" काठावरून मनकर्णाबाई ओरडली. "खांदा शेकला त्याले आज काम नसते!"

"बुढे, मी काय बैल हाओ?"

"मंग काल आवतन काहून घेतलं?"

पाटलांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा वल्ह्याकडे, अन् आईचा शब्द कधी नव्हे तो लगेच पाळला. पुरणपोळी त्यांना बैलांच्या रांगेतच मिळाली.

"वल्हं झकास हाय, शालिग्राम," खाता खाता ते म्हणाले. "आज मनाई झाली म्हून. नाही तं..."

"तं काय, पाटील! कवाचेच पल्याड गेले असते."

घरी येताच धुरपताबाई म्हणाली, "गावची सुतारकी राह्यली नं? मंग आता घरची पाहा. खाटंचा पाय हालून राह्यला."

शालिग्रामनं खाट उलटी केली अन् पाचर शोधायला लागला.