दोन्ही ॲप मिळून किती तास

अशा अनुभवांवर माझा कधीच विश्वास नव्हता. नोकरी ग्रंथालयात गेली. पुरावा मागायची सवय तिथे लागते. तरी हे लिहिते आहे... हळूहळू, जमेल तसं.

आम्ही हैदराबादचे, काचीगुड्याला राहणारे. माझे पती वकील. मोटार वाहन कायदा हा त्यांचा विषय. ॲपवरच्या टॅक्सीचालकाने दिवसात बारा तासांहून जास्त काम करू नये, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. चालक त्यातून वाट काढतात — एका ॲपचे तास भरले की दुसरं चालू करायचं. दोन्ही कंपन्यांकडे नियम पाळलेला, आणि माणूस मात्र झोपेला आलेला. म्हणून हे बसण्याआधी खिडकीशी वाकून विचारायचे, "कित्ते घंटे हुए मियाँ, दोनों ऐपां मिलाके?" जास्त झाले असतील तर गाडी सोडून द्यायचे. एकाने त्यांना विचारलं होतं, साब, आरटीओ के हैं क्या? मी म्हणायची, "उलटतपासणी झाली असेल तर बसा आता."

फेब्रुवारीत हे झोपेतच गेले. आदल्या दिवशी दोघंही आपापलं पुस्तक वाचत होतो, नेहमीसारखे न बोलता. शेवटचा म्हणावा असा एक शब्दही माझ्याकडे नाही. तेव्हापासून मी घरात रेडिओ लावत नाही... काही ऐकू यायचं असेल तर राहून जायला नको. न मानणारी बाई असं करते, हे मला कळतं.

एप्रिलमध्ये यांची कायद्याची पुस्तकं यांच्या ज्युनिअरला द्यायला तारनाक्याला निघाले. सकाळची वेळ. यांच्याशिवाय टॅक्सीत पहिल्यांदाच बसत होते. चालकाला मी काही विचारलं नाही. गठ्ठा मांडीवर घेतला आणि वरचं पुस्तक चाळत राहिले.

विद्यानगर मागे पडलं आणि चालक एकदम बोलला, "सोला हो गए साब... दोनों मिलाके."

मी मान वर केली. गाडी दुभाजकाच्या अगदी अंगावर गेली होती. त्याने झटक्यात वळवली, कडेला नेऊन थांबवली.

"किसको बोले?" मी विचारलं.

"साब को." तो आरशातून माझ्या शेजारी बघत होता. "आँख लग गई थी अम्मा. साब पूछे, तो खुली."

मग त्याने मागे वळून पाहिलं. माझ्या शेजारी कुणीच नव्हतं. साब काय म्हणाले, ते मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने सांगितलं... 'मियाँ' वरची किंचित ओढसुद्धा तीच.

त्याने दोन्ही ॲप बंद केली. दूसरी गाड़ी देख लो अम्मा, म्हणाला. मी म्हटलं, नक्को, तू आधी झोप. त्याने सीट मागे केली आणि लहान मुलासारखा झोपला. मी मागेच बसून राहिले — दाराला टेकून, अर्धी सीट सोडून.

गुंगीत माणूस मनातलंच ऐकतो. हा प्रश्न त्याला पूर्वी कुणी विचारला असेल. कदाचित यांनीच, एखाद्या फेरीला. असं मी स्वतःला सांगते, आणि ते थोडंफार पटतंही. सुटत नाही ते वेगळंच. त्या लहानशा गाडीत मी हाताच्या अंतरावर होते, पूर्ण जागी होते... आणि मला काहीच ऐकू आलं नाही.